वीस जणांना तपासनीस करण्यापूर्वी

प्रश्न : मी मूळची नाशिक जिल्ह्यातली. पुण्यात एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात असताना, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीची सदस्य म्हणून काम केले. गेली दोन वर्षे बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे, रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या एका मदतसंस्थेत आहे. मदतकर्मींकडून होणाऱ्या लैंगिक शोषणाच्या तक्रारींची चौकशी कशी करावी, याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण वीस कर्मचाऱ्यांना द्यावे असा मुख्यालयाचा आदेश आला असून जबाबदारी माझ्यावर आहे. दरम्यान, आमच्या एका स्वयंसेविकेने बोलता बोलता सांगितले की, वाटप केंद्रावरचा एक पर्यवेक्षक स्वयंसेवकांच्या यादीत नाव घालण्यासाठी मुलींना ‘एकटीने भेटायला’ बोलावतो. कोणत्या मुलीला, ते तिने सांगितले नाही. आमचे स्थानिक संचालक म्हणतात, हेच प्रकरण प्रशिक्षणात सरावासाठी घ्या, त्या मुलीला शोधून बोलवा आणि विचारा. मला हे पटत नाही, पण नेमके का ते मांडता येत नाही. मी काय करावे?

उत्तर : आपल्याला जे पटत नाही ते पटू देऊ नका. प्रशिक्षणाचा विचार उद्यावर ढकलता येईल, परंतु स्वयंसेविकेने सांगितलेली गोष्ट आजच आपल्या संस्थेच्या मुख्यालयातील चौकशी विभागाकडे, किंवा या विषयासाठी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीकडे, लेखी पोहोचली पाहिजे. बहुतेक संस्थांच्या नियमांत यासाठी चोवीस तासांची मुदत असते. आपल्याकडे आहे ती केवळ कुजबुज, पुरावा नव्हे, ही शंका आपल्या मनात आली असेल, तर संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव कोफी अन्नान यांनी लैंगिक शोषणाविरुद्ध ऑक्टोबर २००३ मध्ये काढलेले परिपत्रक पुन्हा एकदा वाचावे. सहकाऱ्याबद्दल काळजी वा संशय वाटला तरी तो कळवणे हे त्यात कर्तव्य ठरवले आहे, खात्री करून घेणे नव्हे. मदतसंस्थांनी २००२ पासून स्वीकारलेली मूलतत्त्वेही हेच सांगतात. खातरजमा करणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे आणि ते काम आपण हौसेने अंगावर घेतले, तर ज्याचे आहे त्याला ते पुढे करता येत नाही.

मुलीला शोधू नये याचे कारण आपल्या छावणीतच आहे. २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक माणसे तिथे आली आणि बांबू व ताडपत्रीच्या दाटीवाटीच्या झोपड्यांत राहू लागली. कोणत्या झोपडीत संस्थेचे ओळखपत्र गळ्यात घातलेली बाई शिरली, हे संपूर्ण गल्लीला दिसते आणि ज्यांना तिथे ‘माझी’ म्हणतात त्या गटप्रमुखापर्यंत ते तासाभरात पोहोचते. रोहिंग्यांना तिथे रीतसर नोकरी करण्याची मुभा नसल्यामुळे संस्थांचे स्वयंसेवक म्हणून मिळणारा भत्ता हाच अनेक घरांचा रोख पैशांचा आधार असतो. म्हणजे ती यादी ज्याच्या हातात, त्याच्या हातात कित्येक घरांची चूल आहे. आपण मुलीला बोलावलेत, की संध्याकाळपर्यंत पर्यवेक्षकाला ते कळेल, यादीतून नाव जाईल, घरच्यांना बातमी लागेल आणि मग ती मुलगी असे काही घडलेच नाही असे सांगेल. तिच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच असेल. तेव्हा आपल्या हाती उरेल ते एक मोडलेले प्रकरण आणि एक उघडी पडलेली मुलगी.

स्वयंसेविकेशी मात्र एकदा बोलावे लागेल, तेही नेहमीच्या कामाच्या ओघात. तिने सांगितलेले आपण गांभीर्याने घेतले आहे आणि ज्यांना ते कळणे आवश्यक आहे अशा मोजक्या व्यक्तींनाच कळवले आहे, एवढे तिला सांगा. कोणालाच सांगणार नाही असे वचन चुकूनही देऊ नका, कारण ते आपण पाळू शकत नाही. तिने स्वतःहून अधिक काही सांगितले तर तिच्याच शब्दांत, आपली भर न घालता, तारीख टाकून लिहून ठेवा. तिला हेर बनवून ‘जरा बघ, कोण आहे ती’ असे सांगणे हा आपल्या संचालकांच्या सूचनेचाच सौम्य अवतार झाला, म्हणून तेही टाळा. कोणाला वैद्यकीय मदत हवी असल्यास वेळ महत्त्वाची असते, हे मात्र तिच्यापर्यंत पोहोचू द्या. एचआयव्ही संसर्ग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत आणि गर्भधारणा टाळण्याची गोळी १२० तासांच्या आत घ्यावी लागते. ही मदत मिळण्यासाठी तक्रार करण्याची किंवा चौकशीत सहकार्य करण्याची अट असत नाही, असता कामा नये.

आता प्रशिक्षणाकडे येतो. माझा सल्ला असा की, वीस जणांना तपासनीस करू नका. ज्यांना चौकशी करता येते अशी वीस माणसे एका कार्यालयात असणे हे बळ नसून धोका आहे, कारण दोन दिवस शिकलेला माणूस पहिली कुजबुज कानावर येताच शिकलेले वापरून पाहील आणि आपल्या संचालकांना आज जे सुचले ते उद्या वीस जणांना सुचेल. आपल्याला दोन निरनिराळी प्रशिक्षणे हवी आहेत. पहिले सर्वांसाठी आणि थोड्या वेळाचे, ज्यात तक्रार कानावर आली तर ती ऐकावी कशी, उलटतपासणी न करता कोणाकडे पोहोचवावी आणि त्यानंतर गप्प कसे बसावे, एवढेच शिकवायचे. यासाठी अर्धा दिवस पुरतो. मात्र ‘सर्व’ म्हणजे वीस अधिकारी नव्हेत. वाहनचालक, पहारेकरी, स्वयंपाकी, रोजंदारीवर पोती उतरवणारे आणि स्वयंसेवक हेही त्यात हवेत, कारण अशा गोष्टी आधी त्यांनाच कळतात. दुसरे प्रशिक्षण तीन-चार जणांसाठी, किमान पाच दिवसांचे, आणि त्यानंतर पहिली चौकशी अनुभवी तपासनिसाच्या हाताखाली करण्याचे.

ऐकून पोहोचवणे आणि चौकशी करणे यांत किती अंतर आहे, हे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाच्या कामातून आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक आहे. बिहार सरकारसाठी राज्यातील निवाऱ्यांचे सामाजिक लेखापरीक्षण करताना या गटाने मुलामुलींचे म्हणणे ऐकले, नोंदवले आणि २०१८ मध्ये आपला अहवाल सरकारला दिला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार त्यातून पुढे आले. गुन्ह्याचा तपास पुढे पोलिसांनी व नंतर सीबीआयने केला आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. लेखापरीक्षकांनी आपणच गुन्हेगार शोधायला बसण्याचा मोह धरला नाही. आपल्या वीस जणांकडून अपेक्षा आहे ती याच संयमाची.

तपासनीस घडवण्याचे स्वतंत्र शिक्षण मदतक्षेत्रात आले तेच मुळी ठेच लागल्यावर. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि सेव्ह द चिल्ड्रन यूके यांनी गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथील छावण्यांबद्दलचा अहवाल दिला, तेव्हा धान्य, ताडपत्री अशा मदतीच्या वस्तूंच्या बदल्यात मदतकर्मीच मुलींचे शोषण करतात हे प्रथमच इतक्या ठळकपणे समोर आले. नियम झाले, परंतु तक्रार आली तर चौकशी कोणी व कशी करायची हे बहुतेक संस्थांना माहीतच नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी २००४ पासून स्वयंसेवी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘बिल्डिंग सेफर ऑर्गनायझेशन्स’ हा प्रकल्प चालवला. ते काम पुढे मदतसंस्थांच्या सीएचएस अलायन्स या संघटनेकडे आले आणि आता तिथे टप्प्याटप्प्याने पात्रता मिळवण्याची योजना आहे. आपल्या तीन-चार जणांना तिकडे पाठवता आले तर घरच्या घरी काही रचण्यापेक्षा ते बरे.

आपल्या पुण्याच्या अनुभवाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो उपयोगी आहे तसाच फसवाही आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने आपल्याला काही सवयी लावल्या आहेत. तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांत हवी, तक्रारदार ही प्रकरणातली एक बाजू असते, तिने विनंती केल्यास चौकशीआधी समेटाचा मार्ग खुला असतो. छावणीतल्या प्रकरणात यातले जवळपास काहीच लागू पडत नाही. तिथे तक्रार निनावी असेल, तिसऱ्याने सांगितलेली असेल, चार वर्षांपूर्वीची असेल किंवा वाटपाच्या रांगेतली कुजबुज असेल, तरीही ती घ्यावीच लागते. तिथे पीडिता ही बाजू नसून साक्षीदार आहे. प्रकरण असते ते संस्था आणि तिचा कर्मचारी यांच्यातले, त्यामुळे ते उभे करण्याचा भार तिच्या डोक्यावर टाकता येत नाही. समेटाचा तर प्रश्नच नाही. ‘मुलगी अठराची नव्हती हे मला माहीत नव्हते’ हा बचावही चालत नाही, कारण २००३ च्या परिपत्रकानुसार स्थानिक कायद्यातील संमतीचे वय काहीही असले तरी अठरा वर्षांखालील व्यक्तीशी संबंध निषिद्ध आहे आणि वयाबद्दलचा गैरसमज ही सबब ठरत नाही. ‘तिची संमती होती’ या वाक्यालाही फारसा अर्थ उरत नाही, कारण नोकरी, पैसा, वस्तू वा सेवा यांच्या बदल्यात संबंध मागणे हाच नियमभंग आहे.

कागदावरच्या व्याख्यांत अडकले की काय होते, हे काँगोमध्ये दिसले. तिथल्या २०१८ ते २०२० च्या इबोला साथीच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या व इतर संस्थांच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीचे आमिष दाखवून स्त्रियांचे शोषण केल्याचे पत्रकारांनी उघड केले. स्वतंत्र आयोगाने सप्टेंबर २०२१ मधील अहवालात ८३ संशयितांची नोंद केली आणि त्यांपैकी २१ जण त्या संघटनेच्याच सेवेत होते. संबंधित स्त्री संघटनेची ‘लाभार्थी’ नाही, एवढ्या सबबीवर चौकशी न उघडण्याचा प्रकारही त्या अहवालात आला आहे. आपल्या प्रकरणातली मुलगी अजून स्वयंसेविकाही झालेली नाही, म्हणून उद्या कोणी आपल्याला हेच ऐकवले, तर हे उदाहरण हाताशी असू द्या.

त्या तीन-चार जणांना काय शिकवायचे? सर्वांत आधी, ही प्रशासकीय चौकशी आहे हे. संस्थेचा आचारनियम मोडला गेला का, एवढेच ठरवायचे असते. गुन्हा ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. इथे ‘संशयातीत’ पुराव्याची गरज नसते, घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक आहे का, हे पाहायचे असते. प्रौढ स्त्रीच्या इच्छेविरुद्ध आणि तिच्या सुरक्षिततेचा अंदाज न घेता प्रकरण पोलिसांकडे ढकलू नये. अल्पवयीनांच्या बाबतीत मात्र देशोदेशीचे कायदे पाहावे लागतात. भारतात बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे, ते बांगलादेशात तसेच्या तसे लागू आहे असे गृहीत धरू नका. तेथील २००० चा स्त्री व बालक अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि छावणीतील व्यवस्था जाणणाऱ्या स्थानिक वकिलाला पाच दिवसांतला एक अर्धा दिवस द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणालाही प्रश्न विचारण्याआधी कागद वाचणे. या कौशल्याकडे प्रशिक्षणांत दुर्लक्ष होते, कारण मुलाखतीचा सराव अधिक नाट्यमय वाटतो. आपल्याकडच्या आरोपाचे पाहा. स्वयंसेवकांची नावे कोणत्या तारखांना यादीत चढली, कोणाची कारण न देता उतरली, निवडीवर सही कोणाची, केंद्राची किल्ली सुटीच्या दिवशी कोणाकडे होती, गाडीच्या नोंदवहीत कामाच्या वेळेनंतरच्या फेऱ्या आहेत का, भत्त्याच्या पावत्यांवरचे अंगठे आणि हजेरीपट जुळतात का? हे सारे कोणत्याही मुलीला न छेडता पाहता येते आणि कधी कधी यातूनच इतके निष्पन्न होते की, तिला एकच मुलाखत पुरते किंवा तिचीही गरज उरत नाही. या नोंदी हाताळण्याचा, त्यांच्या प्रती सुरक्षित ठेवण्याचा आणि चौकशीचा आराखडा लेखी करण्याचा सराव पहिल्या दोन दिवसांत करून घ्या.

मुलाखतीचा सराव दुभाष्यासह झाला नाही, तर तो झालाच नाही असे समजावे. कॉक्स बाजारमध्ये चाटगावची बोली जाणणारे दुभाषी सहज मिळतात आणि ती रोहिंग्यांच्या भाषेला जवळची असल्यामुळे काम भागते असे वाटते, परंतु शरीर आणि लाज यांविषयी बोलताना लोक आडवळणाने बोलतात आणि नेमके तेच शब्द निसटतात. त्यातच दुभाषी संकोचाने वाक्य गुळगुळीत करतो, किंवा मदत म्हणून स्वतःच दोन प्रश्न जास्तीचे विचारतो. दुभाषी स्त्री असावी, त्याच गटातली वा त्याच वाटप केंद्रावरची नसावी, आणि गोपनीयतेची लेखी हमी तिच्याकडूनही घ्यावी. प्रश्न मोकळे हवेत. ‘त्या दिवशी काय झाले ते तुमच्या पद्धतीने सांगा’ असे म्हणून थांबता आले पाहिजे. ‘तू गेलीसच का’ हा प्रश्न ज्याच्या तोंडी सरावात एकदाही येतो, त्याला निवडीतून वगळण्याचे धैर्य आपण दाखवावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे. तेच कथन पुन्हा पुन्हा काढून घेऊ नये. लहान मुलांची मुलाखत तर ज्याने त्याचे वेगळे शिक्षण घेतले आहे त्यानेच घ्यावी.

सरावासाठी काल्पनिक प्रकरण रचा, तेही दुसऱ्या देशातले, दुसऱ्या प्रकारच्या कामातले. खरे प्रकरण नाव बदलून वापरले तरी वीस जणांच्या खोलीत ते अर्ध्या तासात ओळखले जाते. शिवाय त्या खोलीत कोणीतरी स्वतः असे भोगलेले असू शकते, आणि कोणीतरी तसे वागलेलेही असू शकते. प्रशिक्षणाची आखणी या दोन्ही शक्यता धरूनच करावी. कोणालाही पीडितेची भूमिका करण्याची सक्ती करू नये, बाहेर जाऊन बसण्याची मोकळीक आधीच सांगावी आणि आपली संस्था प्रत्यक्ष कोणते पुरावे तपासते याचा पाढा सर्वांसमोर वाचू नये. तो त्या तीन-चार जणांसाठीच राखून ठेवा.

ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या हक्कांना नेहमी शेवटचा तास मिळतो, हे मला खटकते. त्याला आरोप काय आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे, उत्तराची व साक्षीदार सुचवण्याची संधी दिली पाहिजे, आणि चौकशीच्या काळात त्याला त्या केंद्रापासून दूर ठेवले तर ती शिक्षा नाही हे कागदावर असले पाहिजे. आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ तक्रार खोटी होती असा होत नाही, हा फरक अहवालात लिहिता येणे हेही शिकवावे लागते. तपासनिसाने शिक्षा सुचवू नये. पुराव्यावरून काय ठरते तेवढे लिहावे, निर्णय दुसऱ्याने घ्यावा.

आणि राजीनामा आला म्हणून चौकशी गुंडाळू नये. हैतीतील भूकंपानंतर ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या तेथील कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाची २०११ मध्ये अंतर्गत चौकशी झाली, चौघांना काढले गेले, तिघांनी राजीनामे दिले आणि त्या तिघांत तेथील प्रमुखही होते. पुढे हेच गृहस्थ दुसऱ्या एका मदतसंस्थेचे प्रमुख म्हणून रुजू झाले ते बांगलादेशातच. २०१८ मध्ये वृत्तपत्रांत हे प्रकरण आल्यावर संस्थांनी एकमेकींना माजी कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाची माहिती देण्याची योजना २०१९ पासून सुरू केली. आपली संस्था तिच्यात सहभागी आहे का, हे मनुष्यबळ विभागातून आलेल्या व्यक्तीने विचारणे अगदी स्वाभाविक आहे, तेव्हा विचारून घ्या.

निवडीबाबत एवढेच की, त्या तीन-चार जणांत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात, कार्यक्रम चालवणारे अधिकारी नसावेत आणि आपणही नसावे. तक्रारी आपल्याकडे येणार आहेत. ज्या हाताने तक्रार घेतली त्याच हाताने चौकशी केली, की दोन्हींवरचा विश्वास जातो.

संचालकांना हे सांगताना वाद घालू नका. मुख्यालयाला आजची माहिती कळवल्यानंतर त्यांना फक्त इतके सांगा की, प्रकरण योग्य ठिकाणी पोहोचले आहे आणि तिथून सूचना येईपर्यंत कोणीही कोणालाही बोलवायचे नाही. त्यांनी आग्रह धरला तर तो लेखी मागा, कारण कळवण्याचे कर्तव्य व्यक्तीवर असते आणि वरिष्ठांची परवानगी ही त्याची अट नाही. संचालक आणि तो पर्यवेक्षक यांचा जवळचा संबंध असेल, तर तेही मुख्यालयाला त्याच पत्रात कळवा. त्याच पत्रात एक विचारणाही करा. सर्व केंद्रांवर स्वयंसेवकांची निवड यापुढे दोन जणांच्या सहीने, त्यांतली एक स्त्री असेल अशा रीतीने आणि याद्या फलकावर लावून करावी, असा आदेश मुख्यालयानेच नेहमीच्या कारभाराचा भाग म्हणून काढावा. एका केंद्रापुरता काढला तर तो पर्यवेक्षक सावध होईल. सगळीकडे एकदम निघाला, तर चौकशी सुरू होण्याआधीच त्याच्या हातातली यादी त्याची एकट्याची राहणार नाही.